गुटगुटीत बाळाचा इतिहास

आपल्या मंडळाला यंदा साठ वर्षे पुरी झाली. स्मरणिकेच्या संपादिका घरी आल्या आणि म्हणाल्या, "काकू, तुम्ही आता सर्वांत जुन्या. मंडळाचा इतिहास तुम्हीच लिहा." मी जुन्या वह्यांचे गाठोडे मागवून घेतले. वर्गणीच्या पावत्या, शिवणवर्गाचा हिशेब, सहलीचा जमाखर्च असे सगळे चाळता चाळता लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही हाती लागली. वर सुबक अक्षरात लिहिलेले होते, 'सुदृढ बालक स्पर्धा'. आत रकाने आखलेले : बाळाचे नाव, वय, वजन, दात, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात पुन:पुन्हा एकच शब्द येतो, 'गुटगुटीत'. १९७४ च्या संक्रांतीच्या पानावर पहिल्या क्रमांकाला माझ्या थोरल्या मुलाचे नाव आहे. वय दहा महिने, वजन १० किलो ६०० ग्रॅम.

भगिनींनो, मंडळाचा सगळा इतिहास लिहावयाचा माझा बेत त्या पानाशीच थांबला. तो दुसऱ्या कोणीतरी लिहावा. मी या एका शब्दाचा इतिहास लिहिते. कारण ज्या आठवड्यात ही वही सापडली त्याच आठवड्यात माझ्या नातीचे, म्हणजे त्या पहिल्या क्रमांकाच्या बाळाच्या मुलीचे, रक्ताचे कागद घरी आले होते.

नात तेरा वर्षांची आहे. गेली दोन वर्षे तिची मान काळवंडत चालली होती. मागच्या बाजूला, केसांच्या खाली, मखमलीसारखा जाड काळा पट्टा. आम्हांला वाटले, मळ. तिच्या आईने डाळीचे पीठ लावले, मी लिंबाची फोड चोळली आणि एका रविवारी तर, सांगावयास लाज वाटते, पाय घासावयाची वजरी घेऊन बसले. पोर रडत म्हणाली, "आजी, ते मळ नाही गं, निघत नाही ते." मी म्हटले, "निघेल कसं? अंघोळ धड करतेस का?" शाळेत मुलींनी तिला त्या मानेवरून नाव ठेवले होते, ते तिने आम्हांला सांगितले नाही. शेवटी शाळेतल्या तपासणीला आलेल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मान पाहिली आणि आईला बोलावून घेतले. त्याआधी एका दवाखान्यात आम्ही तिची साखर तपासून घेतली होती. "साखर नॉर्मल आहे, काही झालेलं नाही," असे सांगून त्यांनी परत पाठवले होते. या बाईंनी साखरेबरोबर इन्सुलिनही मोजावयास लावले. साखर खरोखरच नेमकी होती. इन्सुलिन मात्र असावयास हवे त्याच्या कितीतरी वर.

साखर ठीक आणि इन्सुलिन जास्त, यात घाबरावयाचे काय, हे मला समजेना. इन्सुलिन म्हणजे मधुमेहाचे औषध, ते अंगातच जास्त असले तर चांगलेच की! बाईंनी समजावून सांगितले ते मी माझ्या भाषेत मांडते. लग्नाच्या पंगतीत वाढपी लाडू घेऊन येतो. भुकेलेला पाहुणा पहिल्या शब्दाला घेतो. ज्याचे पोट तुडुंब आहे तो हात आडवा धरतो. मग आग्रह सुरू होतो, एकाचे दोन वाढपी होतात, दोनाचे चार, आणि अखेर लाडू पानात पडतोच. आता दारात उभे राहून कोणी फक्त ताटात उरलेले लाडू मोजले तर तो म्हणेल, सगळे खपले, पंगत झकास चालली आहे. वाढपी किती लागले ते त्याने मोजलेलेच नसते. इन्सुलिन हा आपल्या शरीरातला वाढपी. स्नायू आणि यकृत त्याचे ऐकेनासे झाले की स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन सोडते आणि रक्तातली साखर वर्षानुवर्षे ताळ्यावर राहते. याला इन्सुलिनचा प्रतिरोध म्हणतात. एक दिवस वाढपी थकतात, ताटे तशीच उरतात. त्या दिवशी आपण म्हणतो, मधुमेह झाला. तो झालेला असतो दहा वर्षांपूर्वीपासून.

आणि मान? रक्तात फार झालेले इन्सुलिन कातडीच्या पेशींना वाढावयास लावते. मान, काख, कोपर येथे कातडी जाड व काळी होते. तो मळ नव्हताच. याच इन्सुलिनाने मुलींच्या अंडाशयात पुरुषी संप्रेरक जास्त तयार होते, पाळी चार चार महिने येत नाही, हनुवटीवर लव येते. वयात येताना हा प्रतिरोध सर्वच मुलामुलींत थोडा वाढतो आणि ते वय सरले की बव्हंशी ओसरतो. ज्यांच्या अंगी आधीच चरबी जास्त, त्यांचे तेवढ्या वर्षांत बिनसते.

येथपर्यंत डॉक्टरीणबाईंचे. पुढचे मी स्वत: शोधले. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली बाई, दुसरे काय करणार?

जाड माणसाला मधुमेह होतो हे आपल्याकडे फार जुने ज्ञान आहे. चरकाने प्रमेहाच्या कारणांत बसून राहण्याचे सुख, झोपेचे सुख, दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ सांगितले आहेत. आमच्या घरच्या रविवारचेच जणू वर्णन. सुश्रुताने तर दोन तऱ्हा वेगळ्या केल्या : एक जन्मत: येणारा, त्याचा रोगी कृश; दुसरा अपथ्याने होणारा, त्याचा रोगी स्थूल. युरोपात हा भेद प्रयोगाने दिसावयास १९३६ साल उजाडावे लागले. त्या साली लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थने दाखवले की काही मधुमेही इन्सुलिनाला लगेच दाद देतात आणि काही देत नाहीत. इन्सुलिन स्वत: १९२१ साली कॅनडातल्या टोरोंटोस बँटिंग आणि बेस्ट यांनी हाती आणले होते, आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले गेले. तोवर अशा मुलांना उपाशी ठेवून चार दिवस जगवणे एवढाच उपाय होता. त्या मुलांच्या अंगात इन्सुलिन उरलेलेच नसे. आमच्या नातीचे दुखणे याच्या नेमके उलट. पण उलट आहे हे कळावे तरी कसे? रक्तातले इन्सुलिन मोजता येत नव्हते. ते मोजावयाची रीत १९६० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एका सरकारी रुग्णालयात रोझलिन यॅलो या बाईने सॉलोमन बर्सन यांच्यासह शोधली. झाडलोटीचे सामान ठेवावयाच्या खोलीत तिने आपली प्रयोगशाळा थाटली होती. प्रौढपणी मधुमेह होणाऱ्या पुष्कळांच्या रक्तात इन्सुलिन कमी नसून भरपूर असते, हे त्या मोजणीने कळले. १९७७ साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन तोवर वारले होते.

आता आपल्या मुलखाकडे वळू, कारण खरे कोडे येथे आहे. खाऊन पिऊन सुखी असलेल्या देशांत हा रोग व्हावा हे समजते. सोलापूर हा पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळाचा जिल्हा. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारे लोकांना मोकळी केली, ही गोष्ट आपण आजीच्या मांडीवर ऐकली. १८७६ ते ७८ चा दुष्काळ तर कागदोपत्री आहे. त्या वेळी सर रिचर्ड टेम्पल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर किरकोळ पैसे पुरेत असे ठरवले. दिवसभर दगड फोडणाऱ्या माणसाला एक रत्तल! मुंबई इलाख्यात मजुरांनी ही मजुरी नाकारून कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. आपली जुनी गिरणी सुरू झाली ती याच सुमारास. पुढे १८९६ आणि १८९९ चे दुष्काळ आले. अशा मुलखातल्या पोरांना मधुमेह कशाचा?

१९६२ साली जेम्स नील या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक तर्क मांडला. ज्यांच्या पूर्वजांनी वारंवार उपास सोसले त्यांच्या रक्ताबीजातच काटकसर मुरली असेल; सुगीत खाल्लेले चटकन चरबी करून साठवावे, दुष्काळात पुरवावे. सुगी कायमची आली की हीच काटकसर अंगावर उलटते. तर्क मनाला पटण्याजोगा आहे, पण तशी ठळक बीजे शोधणाऱ्यांच्या हाती काही ती लागली नाहीत.

दुसरा धागा सापडला तो बायकांच्या वह्यांत. इंग्लंडातल्या हार्टफर्डशायर परगण्यात १९११ सालापासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या प्रमुख परिचारिकेने शिस्त घालून दिली होती की प्रत्येक बाळाचे जन्मवजन आणि वर्षाचे झाल्यावरचे वजन वहीत लिहावयाचे. तिच्या हाताखालच्या बायका घरोघर जाऊन लिहीत राहिल्या. सत्तर एक वर्षांनी डेव्हिड बार्कर या डॉक्टरांना त्या वह्या मिळाल्या. वहीतली बाळे आता म्हातारी झाली होती. तपासले तेव्हा दिसले की जी जन्मत: आणि वर्षाची असताना हलकी होती त्यांच्यात मधुमेह जास्त. बार्कर आणि निकोलस हेल्स यांनी १९९२ साली म्हटले की काटकसर बीजातली नसेल, आईच्या पोटातली असेल. अन्न तुटपुंजे मिळाले की गर्भ मेंदू वाचवतो आणि स्नायू, यकृत, स्वादुपिंड यांच्यात हात आखडतो. हॉलंडात १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न तोडले होते. तेव्हा पोटात असलेली माणसे पन्नाशीला आली तेव्हा त्यांच्या साखरेचा तोल इतरांहून बिघडलेला आढळला.

आणि तिसरा धागा आपल्या पुण्याचा. केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचे रोगी पाहत. पुस्तकात लिहिलेला मधुमेही असे साठीचा आणि लठ्ठ. त्यांच्यापुढे बसलेला असे चाळिशीचा आणि दिसावयास बारीक. हे रुग्णालय दीर्घकाळ डॉ. बानू कोयाजी यांच्या देखरेखीखाली होते आणि खेड्यापाड्यांतून बायकामुलांत काम करावयाची सवय तेथे मुरलेली होती. याज्ञिकांनी प्रथम त्याच रुग्णालयात १९८७ ते ८९ या काळात जन्मलेली मुले हुडकली. ती चार वर्षांची झाल्यावर ग्लुकोज पाजून रक्त तपासले. जन्मत: हलक्या मुलांत साखर आणि इन्सुलिन जास्त चढत होते. चार वर्षांच्या मुलांत! पुढे हीच आणि आणखी काही मुले, एकूण ४७७, आठ वर्षांची असताना पुन्हा तपासली गेली. डॉ. आशिष बावडेकर आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली तो निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या मथळ्यातच प्रश्न होता : जन्मत: लहान असणे वाईट, आठव्या वर्षी मोठे असणे वाईट, की दोन्ही? उत्तर आले, दोन्ही मिळून. जे जन्मले हलके आणि मग अंगाने भरले, त्यांच्यात इन्सुलिनचा प्रतिरोध सर्वांत जास्त.

हे वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला. लाल वही पलंगावर तशीच उघडी होती.

थोरला माझ्या पोटात होता तो १९७२ च्या दुष्काळात. पाऊस तीन वर्षे हुलकावणी देत होता. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसे दुष्काळी कामांवर होती, आपल्या जिल्ह्यात तर रस्त्या-रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या बायका दिसत. कामावर सुकडी मिळे. आम्ही साखर पेठेत राहत होतो. (पेठेचे नावच असे, त्याला मी काय करू?) गावाकडची माणसे आसऱ्याला आली होती, खाणारी तोंडे अकरा. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो मिळे. आपल्या मालदांडीची सवय झालेल्या जिभेला ती भाकरी घशाखाली उतरत नसे, पण तीही मोजून होती. मी धाकटी सून, शेवटी जेवणारी. भाजी तोवर संपलेली असे. त्यात सासूबाईंचा समज असा की गर्भारणीने पोटभर खाल्ले तर मूल मोठे होते आणि बाळंतपण जड जाते. त्यांना दोष देत नाही. त्यांनी दोन बाळंतपणांत मरता मरता वाचलेल्या जावा पाहिल्या होत्या. पाणी तिसऱ्या गल्लीतून आणावे लागे, नवव्या महिन्यापर्यंत मी कळशी वाहिली. मार्चमध्ये थोरला झाला. दोन किलो शंभर ग्रॅम. सुईण म्हणाली, "मांजराचं पिल्लू आहे की वो."

मग मी पेटले. पाऊस आला, हातात चार पैसे आले, आणि मी त्या पिल्लाला भरवत सुटले. पावडरीच्या दुधाचा डबा आणला. डब्यावरच्या चित्रातले बाळ जसे, तसे माझे व्हावयाचे होते. आपल्याकडे जाड्या बाळाला 'ग्लॅक्सो बेबी' म्हणत, ते त्या डब्यांच्या जाहिरातींमुळेच. दुधात दोन चमचे साखर, भातावर तूप, हातात बिस्कीट. त्याने तोंड फिरवले तर मी काऊ-चिऊ दाखवून शेवटचा घास आत सारीत असे. बाळांची प्रदर्शने भरवून त्यांना वजनावर बक्षिसे द्यावयाची रीत आपल्या देशात १९२० नंतरच्या दशकात 'बेबी वीक'च्या निमित्ताने रुळली, आणि त्या वेळी तिचा हेतू चांगलाच होता; दर घरामागे एखादे मूल दगावत होते आणि वजन वाढणे म्हणजे जगणे होते. आपल्या मंडळानेही तेच केले. दहा महिन्यांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझ्या पिल्लाने स्टीलचा पेला जिंकला. सासूबाईंनी त्याची दृष्ट काढली.

अडतिसाव्या वर्षी त्याला मधुमेह निघाला. तो कधीच लठ्ठ दिसला नाही. हातपाय काटकुळे, पोट तेवढे पुढे. "याला कसा झाला?" असे सगळे विचारीत.

तो कसा झाला हे पुण्याच्या पुढच्या कामात आहे. १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल यांच्या साहाय्याने, फार चिकाटीचे काम केले. अडीच हजारांवर विवाहित बायकांची नोंद केली. कार्यकर्त्या दर महिन्याला घरी जाऊन पाळीची तारीख विचारीत. म्हणजे दिवस राहण्यापूर्वीचे आईचे वजन माहीत असे. ते सरासरी ४२ किलोच्या आसपास होते. बाळ जन्मले की तीन दिवसांच्या आत त्याची लांबी, डोके, दंड, पोट मोजावयाचे आणि चिमट्यासारख्या उपकरणाने कातडीखालची चरबी मोजावयाची. हीच मापे साउदॅम्प्टनच्या गोऱ्या बाळांची घेतली. आपले बाळ सरासरी २.७ किलो, त्यांचे ३.५. प्रत्येक मापात आपले बाळ लहान. दंड बारीक, पोटाचा घेर बराच लहान, म्हणजे यकृतादी अवयव लहान. फक्त एका ठिकाणी, पाठीवर खांद्याच्या पात्याखाली, चरबीची घडी जवळजवळ त्यांच्याएवढी. वजनाच्या मानाने पाहिले तर आपलेच बाळ चरबीचे! २००३ साली हा निबंध आला आणि 'हडकुळे तरी चरबीचे भारतीय बाळ' जगाच्या पुस्तकात गेले. नाळेच्या रक्तात इन्सुलिनही, वजनाच्या मानाने, आपल्याच बाळांत जास्त असल्याचे त्याआधी वर्षभर दिसून आले होते. म्हणजे मांजराच्या पिल्लाच्याही अंगावर चरबी होतीच. नव्हते ते मांस. मी वर आणखी चरबी चढवली.

याच याज्ञिकांचा एक मजेचा फोटो आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी शेजारी शेजारी उभे राहून काढलेला. दोघांचा उंची-वजनाचा आकडा अगदी एक, २२.३. कोणताही डॉक्टर दोघांना 'उत्तम' म्हणेल. चरबी मोजली तर युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. युडकिन लांब पल्ल्याच्या शर्यती धावणारे. याज्ञिकांनी स्वत:च थट्टेने कबूल केले आहे की आपला व्यायाम रुग्णालयाची लिफ्ट गाठण्यापुरता. स्वत:च्या अंगावर उदाहरण घेणारा शास्त्रज्ञ मला फार आवडतो. वजनकाटा आपल्या लोकांना फसवतो, हे त्या फोटोइतके सोपे करून कोणी सांगितले नाही. म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञांनी २०१५ साली काढलेल्या वाढीच्या तक्त्यांत, डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचे त्यात मोठे काम आहे, जास्त वजनाची रेघ प्रौढांच्या २५ ऐवजी २३ या आकड्याला जुळेल अशी खाली ओढली आहे. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त नसावा हा आणखी एक ठोकताळा. त्याला शिंप्याची टेप पुरते आणि ती मंडळात डझनभर आहेत.

त्या सहा गावांतले आणखी काही निष्कर्ष आपण बायकांनी जपून ठेवावेत असे आहेत. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी आयांच्या खाण्याचा हिशेब मांडला तेव्हा दिसले की एकूण किती खाल्ले यापेक्षा पालेभाजी, फळ आणि दूध किती वेळा ताटात आले याचा बाळाच्या वाढीशी संबंध होता. ज्या गर्भारणी शेतात राबत, विहिरीचे पाणी वाहत, त्यांची बाळे लहान होती. (माझी कळशी!) दोनतृतीयांश आयांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. ते भाजीपाल्यात नसते. दूध-दही, अंडी, मांस-मासळी यांत असते. आपल्याकडे बाईच्या वाट्याला चहापुरतेच दूध येते. २००८ साली प्रसिद्ध झाले की ज्या आयांच्या अंगात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिनचा प्रतिरोध सर्वांत जास्त होता. मुंबईच्या झोपडवस्तीत २००६ पासून डॉ. रमेश पोतदार आणि मंडळींनी बायकांना दिवस राहण्यापूर्वीपासून पालेभाजी, सुकी फळे व दूध घातलेला खाऊ रोज दिला. ज्यांना तो मिळाला त्यांच्यात गर्भारपणातला मधुमेह बराच कमी झाला. म्हणजे हे सगळे नशिबावर सोडून द्यावयाचे नाही.

मात्र पोटातली कहाणी ही अर्धीच. अर्धी बाहेरची आहे आणि ती आपल्या डोळ्यांदेखत घडली. उजनी धरण १९८० साली पुरे झाले. ज्वारीच्या मुलखात ऊस आला. कारखान्यांच्या संख्येत आपला जिल्हा राज्यात आघाडीवर गेला. ऊस आला म्हणून मुले साखर खाऊ लागली असे मी म्हणत नाही. साखर तर आता कोपऱ्यावरच्या दुकानात पाच रुपयांच्या पुडीत आणि गार बाटलीत मिळते. पण कडक भाकरी आणि शेंगाचटणी हे पूर्वी गरिबाचे जेवण होते, आता हॉटेलात पाहुण्यांना कौतुकाने देतात आणि घरी मुलांना मैद्याच्या शेवया. मी शाळेत चालत जाई. नात स्कूटरवरून शाळेत, स्कूटरवरून शिकवणीला, आणि घरी आली की मोबाईल. मैदान होते तेथे गाड्या उभ्या असतात. मोठी मुलगी रस्त्यावर पळताना दिसली तर आपणच हाक मारून घरात घेतो, हेही लिहून ठेवते. २०१६ ते १८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलांपैकी दहांत एक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळले. यांतली सगळीच लठ्ठ नव्हती.

त्या लाल वहीतली नावे मी एकेक करून आठवली. काही जण पुण्या-मुंबईस गेले, काही येथेच आहेत. कोणाला मधुमेह आहे, कोणाला नाही, हे मला शेजारपणाने माहीत आहे. पण याला संशोधन म्हणत नाहीत आणि शेजाऱ्यांचे दुखणे स्मरणिकेत छापावयाचे नसते, म्हणून ते सोडते. इतकेच सांगते की आपल्या वहीत जन्मवजनाचा रकाना नाही. बर्नसाइडबाईंच्या वहीत होता. आम्ही बाळ दहा महिन्यांचे झाल्यावर तोलले. त्याआधी ते किती होते आणि त्याची आई काय जेवत होती, हे कोणालाच विचारावेसे वाटले नाही.

हे सगळे थोरल्याला सांगावे की नाही या विचारात मी चार दिवस घालवले. शेवटी सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "आई, तू मला जगवलंस की." सूनबाई आतून म्हणाली, "आत्या, वजरी फेकून दिली मी."

नातीला डॉक्टरीणबाईंनी उपाशी ठेवलेले नाही. वाढत्या वयात तसे करू नये, असे त्यांनी बजावले. गार बाटल्या बंद, रात्रीचे जेवण लवकर, झोप पुरेशी, डाळ-उसळ-अंडे वाढवावयाचे आणि रोज तासभर अंग हलवावयाचे. स्नायू कामाला लागले की इन्सुलिनच्या आग्रहावाचूनही साखर ओढून घेतात. म्हणजे पळत्या पाहुण्याला वाढपी लागत नाही. ती आणि तिचा बाप आता पहाटे सिद्धेश्वराच्या तळ्याला फेऱ्या मारावयास जातात. मी पायरीवर बसून मोजते. पहिल्या आठवड्यात ती दोन फेऱ्यांत बसली, आता सहा होतात. पाळी दोन महिने नियमाने आली आहे. मानेचा काळा पट्टा मला थोडा फिका दिसतो. सूनबाई म्हणते, तुमचा भास आहे. इन्सुलिन पुन्हा मोजावयाचे आहे संक्रांतीनंतर.

स्टीलचा पेला अजून फडताळात आहे. त्यावर मंडळाचे नाव आणि १९७४ हे साल ठोक्याने कोरलेले आहे. नात त्यात ताक पिते.